चंदेरीचे केस हिरवे झाले त्याची हकीकत

प्रिय ठमे,

तुला आठवतं का, गुरुवारी दुपारी शिवणाचा तास असायचा आणि आपण दोघी खिडकीखालच्या बाकावर बसायचो. तुला तेव्हाही जवळचं दिसत नव्हतं आणि चष्मा लावायचा नव्हता (चष्म्यानं नाक मोठं दिसतं असं तुझं म्हणणं, नाक मुळातच मोठं होतं, त्याला चष्मा काय करणार). मग तू काही न बोलता सुई माझ्यापुढे धरायचीस आणि मी काही न बोलता दोरा ओवून द्यायची. वर्गात बत्तीसजणी होत्या, त्यातल्या निम्म्या माझ्यापेक्षा हुशार आणि झाडून सगळ्या माझ्यापेक्षा नीटनेटक्या. पण सुई यायची ती माझ्याचपुढे. शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या, "तुम्हा दोघींचा मिळून एक तरी रुमाल होणार आहे का या वर्षी?" झाला नाही. तुझ्या स्विमिंग पूलच्या काठावर बसून परवा मला हे सगळं आठवत होतं, आणि हातात क्लोरीनचा रिकामा डबा होता. पत्राचा विषय तो डबाच आहे. पण त्याच्याकडे मी जरा वळणं घेत घेत येणार आहे, कारण सरळ आले तर तू मिळेल ते विमान पकडून निघशील.

तेव्हा आधी विचारपूस. लेकीचे टाके सुकले का? ती जेवते ना नीट, की नुसती सूप पिऊन राहते? बाळाचा फोटो पोचला. कुणावर गेलंय ते सांगता येत नाही, पण चेहऱ्यावर सगळ्या जगाबद्दल नाराजी आहे, म्हणजे भावोजींवर असावं. भावोजींना सांग, त्यांच्या कुंड्या जिवंत आहेत, एक सोडून (त्या एकीबद्दल पुन्हा कधीतरी). तुझे गुडघे कसे आहेत? तिथे जिने फार आहेत असं म्हणालीस, तर दिवसातून एकदाच चढ आणि चढलीस की वरच राहा. माझी तब्येत उत्तम आहे. शाळेत तू मला सुतळी म्हणायचीस, आता दोरखंड म्हणायला हरकत नाही.

घर सुखरूप आहे. पूलही स्वच्छ आहे. स्वच्छ म्हणजे किती, तर गेल्या पंधरवड्यात त्यात एक मुंगीसुद्धा जिवंत पोचली नाही. आता पाण्याचा पेला जवळ घेऊन बस आणि पुढचं वाच.

खरं सांगते, तू किल्ली माझ्या हातात ठेवलीस तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं की रिक्षात बसेपर्यंत मी ती मुठीतच धरून होते. दोन महिने घर सांभाळायला तुझ्या दोन नणंदा होत्या, भावोजींचा चुलतभाऊ होता, पण तू मला बोलावलंस. म्हणालीस, "तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतून जरा बाहेर पड, आणि माझा पूल तेवढा बघ." मी म्हटलं, बघते. मला वाटलं होतं बघायचाच असतो. फ्रिजवर फुलपाखराच्या चुंबकाखाली तू चिकटवलेला कागद वाचला तेव्हा कळलं की हे घरात एखादं म्हातारं माणूस असल्यासारखं आहे. रोज सकाळी तोंड पुसायचं, वेळेवर औषध द्यायचं, आणि दोन दिवस दुर्लक्ष केलं की रंग बदलतो. जाळीनं पानं काढ. भिंती ब्रशनं घास, शिडीच्या मागची विसरू नकोस. पंप आठ तास चालव. मंगळवारी आणि शुक्रवारी पट्टी बुडवून रंग बघ. गुलाबी आली तर क्लोरीन पुरेसं आहे, पांढरी आली तर नाही. शेवाळ्याचं निळं औषध महिन्याला एक झाकण, जास्त नाही (हे 'जास्त नाही' तू दोनदा अधोरेखित केलं होतंस, मी दोन्ही रेघा पाहिल्या होत्या, हे आत्ताच कबूल करते). आणि पाणी गढूळ वाटलं तर क्लोरीनचा मोठा डोस द्यायचा, तो दिल्यावर चोवीस तास कुणीही पाण्यात उतरायचं नाही. अक्षर अजून तसंच आहे तुझं, सिस्टर बघतील म्हणून काढल्यासारखं.

पहिले तीन दिवस मी इतकी सुखात होते की मला त्याची लाज वाटायची. हे गेल्यापासून सकाळी उठून कुणाचं तरी काहीतरी करायचं असतं, ही सवयच मोडली होती. इथे उठले की लांब दांड्याची जाळी घेऊन काठानं फिरायचं. एक भुंगा बुडत होता त्याला काढला, तो उन्हात वाळला आणि आभार न मानता उडून गेला. भिंती घासताना मी शाळेतली प्रार्थना म्हणायची, एका भिंतीला एक, आणि शिडीच्या मागच्या भागाला पापांची कबुली. पाण्यात मात्र पाय घातला नाही. तुला माहीत आहे, मला पाणी बघायला आवडतं, त्यानं मला बघितलेलं आवडत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी चहा ठेवला आणि मागच्या बाजूनं छपाक असा आवाज आला. मला वाटलं फांदी पडली. जाळी घेऊन धावले. तर पाण्यात एक बाई. माझ्याच वयाची, पण पाठ अशी ताठ की पोहतानासुद्धा तिला कुणी खुर्ची दिली आहे असं वाटावं. खांद्यापर्यंत चंदेरी केस, त्यात एक काळा नाही की एक पिवळट नाही, आणि अंगात गडद निळा पोहण्याचा पोशाख. ती काठाशी आली, डोळ्यांवरचं पाणी निपटलं आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "तुम्ही सुतळी ना?"

ठमे, पन्नास वर्षं ते नाव आपल्या दोघींत होतं. माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं. माझ्या मुलाला माहीत नाही. आणि ही ओली बाई ते माझ्या तोंडावर मारते. मी जाळी तशीच धरून म्हटलं, "आपण?" तर ती म्हणाली, "मी पलीकडची. तिनं सांगितलं नाही का?" तिनं नव्हतं सांगितलं. म्हणजे तू नव्हतं सांगितलंस. तुझ्या मागच्या फाटकाची किल्ली तिच्याकडे तांबड्या फितीत ओवलेली आहे (माझी नुसतीच आहे, फीत नाही), ती पाच वर्षं रोज सकाळी तुझ्या पूलमध्ये पोहते आणि पोहून झाल्यावर तुम्ही दोघी चहा घेता, हे मला काठावर उभं राहून तिच्याकडून ऐकावं लागलं. मग ती आत आली, न विचारता बरोबर दुसऱ्या कप्प्यातून टॉवेल काढला, साखरेचा डबा बरोबर मिठाच्या मागून काढला. मला तो डबा सापडायला दोन दिवस लागले होते. मी तिचं नाव त्याच क्षणी चंदेरी ठेवलं. हे नाव मी कौतुकानं ठेवलं नव्हतं.

चहा घेताना ती सहज म्हणाली, "हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा बाहेर मीच बसले होते सहा तास." ती मोठ्या इस्पितळात मेट्रन होती, बसेलच. पण मला ते ऑपरेशन तुझ्या पत्रातून कळलं होतं, तेही झाल्यावर महिन्यानं, भावोजींच्या पाठदुखीच्या आणि नव्या पडद्यांच्या मधे दोन ओळीत. मी म्हटलं, "हो, मला माहीत आहे." माहीत होतंच. पण उरलेला चहा मी मोरीत ओतला, आणि तो काही इतका वाईट झाला नव्हता.

तिथून माझ्यात जे शिरलं त्याला तू मत्सर म्हण, मी त्या वेळी त्याला स्वच्छतेची आवड म्हणत होते. तुझा कागद मी पुन्हा वाचला आणि एका ओळीवर माझं बोट थांबलं. मोठा डोस दिल्यावर चोवीस तास कुणीही पाण्यात उतरायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही. आता सिस्टरांनी आपल्याला खोटं बोलायचं नाही हे इतकं पक्कं शिकवलं आहे की मला या वयातही खोटं जमत नाही. पण खऱ्याचा वापर कितीदा करावा याबद्दल त्यांनी काही सांगितलं नव्हतं. पाणी गढूळ आहे की नाही हे ज्याच्या त्याच्या नजरेवर असतं. मला ते रविवारी जरा गढूळ वाटलं. मी डोस दिला आणि एका पुठ्ठ्यावर छान वळणदार अक्षरात लिहिलं, 'औषध टाकले आहे. उतरू नये.' आणि तो फाटकाला टांगला. सोमवारी मला पुन्हा गढूळ वाटलं. मंगळवारीही. मग तर रोजच वाटायला लागलं. तुझ्या कपाटातला डबा संपला तेव्हा मी स्वतः दुकानात जाऊन नवा मोठा आणला. दुकानदार म्हणाला, "आजी, केवढा आहे तुमचा पूल?" मी म्हटलं, "पूल लहान आहे, अडचण मोठी आहे."

आणि याचा उपयोग काय झाला, तर शून्य. चंदेरी रोज सकाळी यायचीच. पाटी वाचायची, "अरे वा, आज पण?" म्हणायची आणि तुझ्या वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची. पोहत असताना निदान तिचं तोंड पाण्यात असायचं. आता ते मोकळं झालं. तू सकाळी केस विंचरताना कुठलं गाणं गुणगुणतेस, तुला कुठल्या शेजाऱ्याचा राग येतो, भावोजी घोरतात तेव्हा तू काय करतेस, हे सगळं मला एका बाहेरच्या बाईकडून ऐकावं लागत होतं. मी मग शाळेतल्या गोष्टी काढायची. ती एक सांगायची, मी दोन. ती म्हणाली, तुला वांगी आवडत नाहीत. मी म्हटलं, सातवीपर्यंत आवडायची.  तेवढा एक दिवस मी जिंकले.

याच सुमारास शिडीच्या मागे मला तळहाताएवढा हिरवा डाग दिसला. आता शेवाळं हे काही माझ्या मनाचं नव्हतं, ते खरोखर होतं, आणि ते तिला माझ्या आधी दिसलं होतं. "हे तिच्या वेळी कधी नव्हतं," असं म्हणाली. साध्या आवाजात म्हणाली, पण मला ते जिव्हारी लागलं. ती गेल्यावर मी निळ्या औषधाची बाटली काढली. एक झाकण टाकलं. दोन रेघांकडे बघितलं. मग आणखी एक टाकलं. मग बाटलीच उपडी केली, कारण उरलेलं थोडंसंच होतं आणि बाटली कपाटात लवंडत होती (हे कारण आता वाचताना मलाही पटत नाही).

पुढच्या मंगळवारी तुझ्या कागदाप्रमाणे पट्टी बुडवली. पांढरीशुभ्र. म्हणजे क्लोरीन काहीच नाही. माझा विश्वासच बसेना, आठवड्याभरात मी जवळजवळ डबा रिता केला होता. मला वाटलं, उन्हानं उडालं असेल. पुन्हा टाकलं. संध्याकाळी पट्टी बुडवली, पांढरी. बुधवारी आणखी टाकलं, पट्टी अशी पांढरी जशी काही ती पाण्यात गेलीच नाही. एकदा मनात आलं, चंदेरी पाण्यात उतरून ते सगळं शोषून तर घेत नाही ना. पण ती आठवडाभर उतरली कुठे होती.

आता इथे माझा खरेपणा आडवा आला. क्लोरीन नाही असं पट्टी सांगत असताना 'औषध टाकले आहे' अशी पाटी लावणं मला खोटं वाटायला लागलं. मी पाटी काढली. गुरुवारी सकाळी ती आली, म्हणाली, "आज उघडं दिसतंय दुकान." मी तिला पट्टी दाखवली. "पांढरी आहे ना? मग झालं," म्हणाली आणि सूर मारला. पंधरा मिनिटांत बाहेर आली ती डोळे चोळत. लाल झाले होते. म्हणाली, "सवय मोडली वाटतं माझी." शुक्रवारी पुन्हा पोहली, शनिवारीही, जिद्दीची बाई आहे. त्या निळ्या पोशाखाचा रंग आधी पाठीवर उडाला, मग पोटावर, आणि शनिवारी तो जुन्या पडद्यासारखा दिसायला लागला. आणि केस.

ठमे, केस मला गुरुवारीच दिसले होते. ती उन्हात टॉवेलनं पुसत होती आणि त्या चांदीत कोवळ्या काकडीची झाक होती. मला वाटलं, झाडाची सावली असेल. शुक्रवारी ती सावलीत नव्हती. शनिवारी ते असे हिरवे होते की तिच्या खांद्यावर एखादा पक्षी बसायला हरकत नव्हती. तिच्या घरात आरसा नाही असं नाही, पण ती चष्मा न लावता विंचरते आणि एकटीच राहते, सांगणार कोण. सांगायला मी होते. तीन दिवस तिच्यासमोर बसून मी चहा घेतला, तिच्या केसांकडे बघितलं आणि हवापाण्याचं बोलले. हे मी कधी कुणाला सांगणार नव्हते, तुला सांगते आहे. शनिवारी ती त्याच डोक्यानं बाजारात जाऊन आली.

सोमवारी तुझे पूलवाले आले, ते जाड भिंगांचे, जे महिन्यातून एकदा येतात आणि कुणाशीच बोलत नाहीत. फाटकातच थांबले, नाक वर केलं आणि म्हणाले, "काय केलंत काय?" मी अभिमानानं पट्टी बुडवून दाखवली. म्हटलं, बघा, कितीही टाकलं तरी पांढरीच. त्यांनी ती पट्टी डोळ्यांजवळ नेली, मग माझ्याकडे पाहिलं, जसं सिस्टर गणिताच्या वहीनंतर बघायच्या. म्हणाले, "बाई, पांढरी आहे ती क्लोरीन नाही म्हणून नव्हे. क्लोरीन इतकं झालंय की पट्टीचा रंगच धुऊन निघतोय." तेवढ्यात चंदेरी मागच्या फाटकातून आली. पूलवाल्यांनी तिच्या डोक्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, पुन्हा डोक्याकडे पाहिलं. "आणि त्या निळ्या औषधात तांबं असतं. ते कोणी ओतलं?"

मी तोंड उघडलं. शब्द तिथेच होते, ओठांच्या आत, रांगेत उभे. आणि चंदेरी आपल्या केसांची एक बट डोळ्यांसमोर धरून, ती नीट लांब धरून बघून, शांतपणे म्हणाली, "मीच म्हटलं होतं यांना टाका म्हणून. शेवाळं दिसलं होतं."

ती खोटं बोलली, ठमे. माझ्यासाठी. एका क्षणात, न अडखळता, जे मला पन्नास वर्षांत जमलं नाही ते. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती कृतज्ञता नव्हती. पहिली गोष्ट आली ती ही, की बघा, चांगुलपणातही हिनंच नंबर लावला.

पूलवाल्यांनी सांगितलं, तिसरा हिस्सा पाणी सोडून द्या, नवं भरा, चार दिवस उन्हात उघडं ठेवा, आणि त्या बाटलीला हात लावू नका. जाता जाता चंदेरीला म्हणाले, "क जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून पाण्यात कालवा, केसांना लावा, थोडा वेळ ठेवून धुवा. बरंचसं निघतं." मी धावत औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारीणबाई म्हणाल्या, "चार पाकिटं? कुणाला एवढा सर्दीखोकला?" मी म्हटलं, शेजारणीच्या केसांना. त्यांनी पुढे विचारलं नाही.

मग तुझ्या न्हाणीघरात, लहान स्टुलावर ती बसली आणि मी तिच्या डोक्याला गोळ्यांचा नारिंगी लगदा चोपडत उभी राहिले. समोर तोंड नसलं की बोलायला सोपं जातं. मी सगळं सांगितलं. पाटी, डोस, बाटली, आणि ते तीन दिवस. म्हटलं, गुरुवारीच दिसलं होतं मला. तिनं कानावर आलेला लगदा बोटानं पुसला. मग म्हणाली, "मलाही दिसलं होतं."

"मग उतरलात कशाला पुन्हा?"

"तुम्ही सांगता का बघत होते."

माझे हात थांबले. ती म्हणाली, "लावा, लावा, वाळतंय ते." आणि मग त्या डोक्यातून, माझ्याकडे न बघता, सगळं बाहेर आलं. पाच वर्षं ती रोज सकाळी माझ्याबद्दल ऐकते आहे. सुतळी असं म्हणायची, सुतळीला हे आवडायचं नाही, सुतळी असती तर हसून लोळली असती. "मी कितीही केलं तरी मी आपली शेजारीण," म्हणाली. "मला इतका राग यायचा तुमचा, की तुम्ही आल्यावर तीन दिवस मुद्दाम फिरकलेच नाही. चौथ्या दिवशी आले. म्हटलं बघू तरी काय आहे हे प्रकरण." मी विचारलं, "मग?" तर म्हणाली, "फोटोत बारीक दिसता."

आणि ऑपरेशनचं. ते मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं. तेव्हा हे आजारी होते, शेवटचे दोन महिने. तू तिला म्हणालीस म्हणे, सुतळीला कळवलं तर ती नवऱ्याला तिथे टाकून इथे येईल, आणि मग आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही. तू स्ट्रेचरवरसुद्धा तिच्याकडून वचन घेतलंस. मग तू रडलीस, आणि मेट्रनबाईंनी तुला दटावलं, कारण रडल्यावर रक्तदाब वाढतो. मी लगद्याची वाटी खाली ठेवली. नळ सोडला आणि तिचे केस धुतले, नारिंगी पाणी मोरीत जात राहिलं, आणि बराच वेळ मला पाणी नारिंगी आहे की स्वच्छ ते दिसत नव्हतं. गधडे, मला विचारायचं होतंस. मी आले नसते कदाचित. पण मला तिथे बसून काळजी करायला मिळाली असती, ती तू तिला एकटीला देऊन टाकलीस.

असो. पाणी आता ठीक आहे. पट्टी शुक्रवारी गुलाबी आली, नेमकी कागदावर आहे तशी, आणि आम्ही दोघींनी ती उजेडात धरून आळीपाळीनं बघितली. केसांचं बरंचसं निघालं, उन्हात थोडी झाक राहते. बँकेत एका मुलीनं तिला विचारलं म्हणे, कुठल्या पार्लरमध्ये केलंत. ती रोज सकाळी येते. मी पाण्यातल्या पहिल्या पायरीवर बसते, काल दुसरीवर गेले. मी हातानं काठ घट्ट धरते आणि ती माझ्या पाठीखाली नुसता तळवा ठेवते. म्हणते, "सोडा आता." मी म्हणते, "सोडते," आणि सोडत नाही. तरी मेट्रन होती म्हणून धीर आहे.

लेकीला आणि बाळाला माझा पापा. भावोजींना नमस्कार. स्वतःला जप.

तुझीच
सुतळी

ता. क. तू वीस तारखेला येते आहेस असं लिहिलंस. इतकी घाई कशाला? पहिलटकरणीला तीन महिने तरी आई हवी असते. लेक 'जा' म्हणत असेल तर ती तुझ्या गुडघ्यांची काळजी म्हणून म्हणत असेल, मनातून नव्हे. महिनाअखेरपर्यंत राहा. मला इथे काही त्रास नाही.

ता. क. २. वरचं सगळं पुन्हा वाचलं. तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. तू आलीस की मी माझ्या दोन खोल्यांत परत जाणार, आणि सकाळी साडेसहाला त्या वेताच्या खुर्च्यांत तुम्ही दोघी बसणार. परवा ती म्हणाली, "आता ती आली की मजा येईल." मी हो म्हटलं. पण मला तुझा राग आला, ठमे. तुझा. तुझ्याकडे पाच वर्षं होती ती, माझे झाले जेमतेम वीस दिवस. मी काठ सोडायला अजून शिकले नाही. म्हणून माझं मागणं एवढंच, किल्ली माझ्याकडे राहू दे. रोज नाही, मंगळवार-शुक्रवार मी पहिली बस धरून येईन, पट्टी बघायला. त्या दोन दिवशी तू जरा उशिरा उठ.

ता. क. ३. कुणाला काय आणायचं विचारलं होतंस, ते राहूनच गेलं. पूलवाल्यांना चांगली टॉर्च आण, त्यांची बंद पडलीय. औषधाच्या दुकानातल्या बाईंना एखादं पेन. शिवणाच्या सिस्टर अजून वृद्धाश्रमात आहेत, त्यांना मऊ मोजे, आणि ते आपण दोघींनी जाऊन द्यायचे, फक्त दोघींनी. मला काही नको. (तरी आणणारच असशील तर राखाडी स्वेटर, लांब बाह्यांचा, तू स्वतःला घेशील तसाच.) चंदेरीला निळा पोहण्याचा पोशाख मी कालच दिला, माप बरोबर बसलं, तेव्हा तू तिच्यासाठी कपडालत्ता काही आणू नकोस. अगदी रिकाम्या हातानं यायचं नसेल तर चॉकलेटचा मोठा डबा आण. ती चॉकलेट खात नाही, मला देईल.